उन्हाने खाल्लेला उजेड

दिवाळी सरली, कारखान्यांचे बॉयलर पेटले, की नगर-मनमाड रस्त्यावर रात्री गाडी चालवणं हा वेगळाच प्रकार होऊन बसतो. राहुरी सुटलं की कोल्हार, बाभळेश्वर, राहाता; सगळा उसाचा पट्टा. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस, मागे दिवा असलाच तर तो धुळीने माखलेला. त्यांच्याही पुढे टायरच्या बैलगाड्या. गाडीवान उसावर बसून पेंगतोय आणि बैलांना कारखान्याची वाट पाठ आहे. कडेने शिर्डीला निघालेली एखादी पालखी, आणि पालखीच्याही मागे पडलेले तिच्यातले चार जण. हंगामात ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा निघतात. फार मोलाचं काम. पण रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नसतो. तुमच्या हेडलाइटने टाकलेलाच तो परत करतो. तुम्ही काही टाकलंच नाही, तर तो परत काय करणार?

आमची एमएच सोळा पासिंगची गाडी अलीकडे फारसं काही टाकत नव्हती. यातली खरी गोम अशी, की हे कळत नाही. बल्ब उडाला तर त्याच रात्री कळतं. हेडलाइटची काच पिवळी पडते ती रोज इतकी थोडी, की माणूस दोष इतरत्र शोधत राहतो. रस्ता खराब झालाय (तो झालेलाच असतो). समोरचे डिपर मारत नाहीत. चष्म्याचा नंबर वाढला असेल. अमेरिकेतल्या एएए या मोटारचालकांच्या संघटनेने २०१८ साली जुन्या, पिवळ्या पडलेल्या हेडलाइटची मोजणी केली, तेव्हा डिपरवरचा त्यांचा उजेड नव्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा भरला. चार हिस्से कुठे गेले? थोडे काचेतच जिरले, बरेचसे वाकड्यातिकड्या वाटांनी भलतीकडे पांगले. धूसर काच उजेड अडवते तशी तो विस्कटतेही. रस्त्यावर पडायचा तो समोरच्या गाडीवाल्याच्या डोळ्यांत जातो. म्हणजे आपल्याला दिसत नाही आणि त्यालाही दिसू देत नाही.

यावर आपल्याकडचा लाडका उपाय म्हणजे जास्त ताकदीचा बल्ब. ६०/५५ वॅटचा काढायचा, १००/९०चा ठोकायचा, नाहीतर पांढराफटक एलईडी. विस्कटणारी काच तशीच, विस्कटायला माल मात्र आणखी. वर वायरिंग तापतं ते वेगळंच. अशी गाडी रस्त्यात समोर आली, की माणसाच्या तोंडून जे निघतं, ते छापता येत नाही.

जुन्या गाड्यांना हा रोग नव्हता. अॅम्बेसेडर, पद्मिनी यांचे गोल दिवे अस्सल काचेचे. आमच्या नगरच्या कायनेटिकची लूना रस्त्यावर आली १९७२च्या सुमारास. तिचा दिवा एक्सलेटर पिळला की उजळायचा आणि चौकात थांबलं की मलूल व्हायचा, पण पिवळा पडल्याचं कुणी पाहिलं नाही. उलट १९६५ आणि १९७१च्या युद्धांत ब्लॅकआऊटसाठी लोकांनी हेडलाइटचा वरचा अर्धा भाग हाताने काळा रंगवला होता. तेव्हा उजेड मुद्दाम मारावा लागायचा.

आता ज्याला आपण सवयीने काच म्हणतो ते पॉलिकार्बोनेट असतं. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीतल्या हर्मन श्नेल यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या डॅनियल फॉक्स यांनी ते एकमेकांना पत्ता नसताना जवळजवळ एकाच वेळी शोधून काढलं. फॉक्स खरं तर तारांवर चढवायचं वेष्टण शोधत होते. हे निघालं दगड मारला तरी न फुटणारं, हलकं, हवा तो आकार घेणारं. चंद्रावर उतरलेल्यांच्या शिरस्त्राणाचा घुमटही याचाच होता. हेडलाइटसाठी अमेरिकेने त्याला वाट मोकळी करून दिली १९८३ साली, आणि मग गाड्यांचे दिवे गोलचे तिरपे, लांबट, बॉनेटवर चढलेले झाले. एकच उणीव. उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यात त्याच्यावर एक पारदर्शक, कडक लेप चढवतात. लेप आहे तोवर सगळं ठीक.

आणि ऊन म्हणाल तर नगरचं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला जिल्हा; अकोले तालुक्यात भंडारदऱ्याकडे धो धो कोसळून झालं, की पूर्वेला उरतं ते फक्त आभाळ. त्यात धूळ. धूळ लेपाला चरे पाडते, ऊन त्या चऱ्यांतून आत शिरतं, लेप सोलपटतो, आणि खालचं पॉलिकार्बोनेट पिवळं पडू लागतं. हे गाडी पळते म्हणून होत नाही, ती उभी राहते म्हणून होतं. आमच्या गाडीचे दोन्ही हेडलाइट एकाच वयाचे, पण डावा उजव्याच्या कितीतरी पुढे गेलेला. सावेडीतल्या आमच्या गल्लीत गाडी कायम पश्चिमेला तोंड करून उभी. उत्तरेला शेजारच्या बंगल्याची भिंत, दक्षिणेला मोकळा प्लॉट. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलला की सगळं ऊन डाव्या अंगावर. तेव्हापासून मला कुठल्याही उभ्या गाडीचे दोन दिवे ताडून बघायचा नाद लागलाय. ती कुठल्या दिशेला तोंड करून आयुष्य काढते याचा अंदाज बहुतेकदा बांधता येतो.

शेवटी गाडी मिस्त्रीकडे नेली. तो म्हणाला, "सर, मोतीबिंदू झालाय हिला." सगळेच असं म्हणतात, आणि उपमा दिसायला चोख आहे. पण मोतीबिंदूत आतलं भिंगच काढून दुसरं बसवतात. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली पहिल्यांदा बसवलं ते प्लास्टिकचंच होतं. लढाऊ विमानांच्या छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत गेले तरी डोळ्याला त्यांचा त्रास होत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. हेडलाइटचं मात्र भिंग बदलत नाहीत, त्याची कातडी खरवडतात. आणि कातडी दरवेळी थोडी कमीच होते.

मिस्त्रीने आधी दिव्याभोवतीच्या रंगावर टेप चिकटवला. मग पाणी आणि वॉटर पेपर. आठशे नंबरचा, हजारचा, पंधराशे, दोन हजार, शेवटी तीन हजार. पहिल्या पेपराला पिवळं पाणी बंपरवरून ओघळायला लागतं. तेच ते ऊन, इतक्या वर्षांचं. पाणी पिवळं यायचं थांबेपर्यंत पुढचा पेपर घ्यायचा नाही, हा त्याचा नियम. या टप्प्यावर काच आधीपेक्षा वाईट दिसते: सगळी पांढरी, आंधळी. गिऱ्हाईक इथेच घाबरतं, असं तो हसत म्हणाला. प्रत्येक पेपर आधीच्याचे ओरखडे पुसतो आणि स्वतःचे, अधिक बारीक, ठेवून जातो. म्हणून एक आडवा घासायचा, पुढचा उभा, म्हणजे कुठले राहिले ते दिसतं. तीन हजाराचे ओरखडे इतके बारीक, की ते मिटवायला कंपाउंड आणि बफिंग मशिन पुरतं. मशिन एका जागी टेकवून ठेवलं तर प्लास्टिक जळतं, त्यामुळे त्याचा हात सतत फिरता. थिनरला तो हातही लावत नाही. थिनरने पॉलिकार्बोनेटला आतून बारीक तडे जातात.

टूथपेस्टचं विचारलं तर त्याने हात झटकला. टूथपेस्ट घासते, हे खरं. चमकही येते. पण उरलासुरला लेपही तिच्याबरोबर जातो, आणि दोन-चार महिन्यांत काच पूर्वीपेक्षा पिवळी. केवळ पॉलिशवर थांबणाऱ्याचंही हेच होतं. खरं काम शेवटचं: काच स्पिरिटने पुसून, धूळ बसू न देता, तिच्यावर ऊन सोसणारा क्लिअर कोट मारणं. स्वस्तात करून देणारे नेमकं हेच गाळतात. धूर किंवा ओल आतून धरली असेल, रिफ्लेक्टरचा चंदेरी मुलामा जळाला असेल, तर बाहेरून कितीही घासा, उपयोग शून्य. तिथे नवा दिवाच घ्यावा. चांगलं झालेलं कामही नव्याची बरोबरी करत नाही. एएएच्या त्याच मोजणीत पॉलिश केलेल्या दिव्यांचा उजेड नव्याच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास आला. मला सत्तर पुष्कळ वाटले.

नगर हे तसं गाड्यांच्या परीक्षेचं गाव. इथल्या व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्थेला केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६व्या नियमाने नव्या वाहनांचे नमुने तपासण्याचा अधिकार आहे. कोऱ्या गाडीची परीक्षा अशी कसून होते. त्यानंतर खासगी गाडी पुन्हा आरटीओपुढे उभी राहते ती नोंदणीची पंधरा वर्षं भरल्यावर. मधल्या काळात तिच्या दिव्याकडे बघणारं एकच कुणी असतं, ते म्हणजे ऊन.

कोट वाळेपर्यंत आम्ही चहा घेतला. निघताना मिस्त्रीने बजावलं, की एक दिवस धुवू नका आणि गाडी सावलीत लावत जा. गल्लीत सावली एकच, कोपऱ्यावरच्या कडुनिंबाची. तिच्याखाली लावावी तर निंबोळ्या, चिकट डाग आणि पाखरांची शिट. घरात यावर एकमत झालं नाही. शेवटी गाडी जुन्याच जागी, फक्त तोंड फिरवून पूर्वेला लावायचं ठरलं. सकाळचं ऊन त्यातल्या त्यात मवाळ. आता दक्षिणेचा मोकळा प्लॉट उजव्या हाताला आलाय, तेव्हा यापुढे पाळी उजव्याची.