अर्धी अक्षरं

घरात पूजा असली की आजी फडताळातला पितळी डबा काढायची. त्यात सुपाऱ्या, हळकुंडं आणि तांब्याचा एक जाडजूड, ओबडधोबड पैसा असायचा. कलशात घालायचा तो हाच. आदल्या दिवशी तांब्या-पळीबरोबर तोही चिंचेने घासला जाई आणि लालबुंद होऊन चौरंगावर येई. त्याच्यावर ‘राजा’ एवढंच वाचता यायचं. वर नुसता काठ, खाली ‘शि’ची वेलांटी. ‘‘महाराजांचं नाव आहे ते,’’ आजी सांगायची. कुठे आहे, म्हणून मी विचारलं की त्यावरून अंगठा फिरवायची. ‘‘आहे रे. हाताला लागतं.’’

त्याला शिवराई म्हणतात हे मला पुण्यात शिकायला आल्यावर कळलं, तेही जुन्या बाजारात. बुधवार-रविवारचा बाजार. गंजलेली कुलुपं, कंदिलाच्या काचा, नळाच्या तोट्या यांच्यामध्ये एकाने गोणपाटावर तांब्याचे पैसे ओतले होते. मी दहा रुपयांना एक उचलला, कारण त्याच्यावर वर स्पष्ट ‘श्री’ होता. सुट्टीत घरी गेल्यावर तो आजीच्या पैशाशेजारी ठेवला. एकाचा ‘श्री’, दुसऱ्याचा ‘राजा’. ‘शिव’साठी मला आणखी चार महिने बाजारात जावं लागलं.

शिवराई पाडताना तांब्याच्या चकतीवर कोरलेला ठसा ठेवून वरून घाव घालत. ठसा मोठा, चकती लहान. घाव सरकेल तिकडची अक्षरं उमटत, उरलेली बाहेर जात. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पती’. एवढं सगळं अंगावर असलेली शिवराई क्वचितच मिळते आणि तिची किंमत माझ्यासारख्याच्या आवाक्यात नसते. पण अर्धवट अक्षरांच्या तीन-चार शिवराया स्वस्तात मिळतात आणि ओळीने मांडल्या की मजकूर पुरा होतो. कमी पैशात नाणी जमवायला मी असा शिकलो.

पहिल्या वर्षी माझ्या हातून एक गोष्ट घडली, ती अजून सलते. एक शिवराई मिळाली होती, तपकिरी, काठाशी हिरवट झाक असलेली. मी तिला घरच्या सवयीने चिंच आणि मीठ लावून घासलं. पाच मिनिटांत ती आजीच्या पैशासारखी लाल झाली, आणि ‘पती’मधल्या ‘ती’ची वेलांटी पुसट झाली. शेकडो वर्षांत चढलेला तो राप नाण्याची कातडी असतो. अक्षरांची धार त्याच्याच आधाराने टिकलेली असते. त्यानंतर मी नाण्याला फक्त पाणी आणि मऊ कापड लावलं, आणि पूजेच्या पैशाची चिंचही बंद केली. आईला ते आवडलं नाही.

विकणारे प्रत्येक शिवराई थेट महाराजांच्या काळातली म्हणून देतात. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई निघाली, हे खरं. पण पुढचे छत्रपती आणि पेशवे यांनीही त्याच नावाने पैसे पाडले आणि इंग्रजी अमदानीतही ते खेड्यापाड्यांत चालत राहिले. दोन ओळींमध्ये जोडरेघ असली की ती दुदांडी, म्हणजे नंतरच्या काळातली. कुठे ‘शिव’ तर कुठे ‘सिव’, कुठे ‘पती’ तर कुठे ‘पति’. आजीची शिवराईही दुदांडीच निघाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. राजा गेल्यानंतरही इतकी वर्षं लोकांनी बाजारहाट त्याच्याच नावावर केला, ही मला त्याहून मोठी गोष्ट वाटते. होन मी संग्रहालयाच्या काचेपलीकडूनच पाहिला. पण होन कितीजणांच्या हातांतून गेला असेल? झिजलेल्या शिवराईवर भाजीवाली, गुराखी, घाटावरचा हमाल, सगळ्यांची बोटं आहेत.

नोकरी लागल्यावर दरमहा ठरावीक रक्कम मी बाजूला ठेवू लागलो. मोठी नव्हतीच. त्यातून पश्चिमी क्षत्रप या प्राचीन राजांच्या चांदीच्या नाण्यांकडे वळलो. शर्टाच्या बटणाएवढं नाणं, वजन जेमतेम दोन ग्रॅम. पुढे राजाचा चेहरा, नाक धारदार, मिशी ऐटदार. मागे तीन कमानींची टेकडी, चंद्रकोर, सूर्य, आणि भोवती ब्राह्मीत राजाचं आणि त्याच्या बापाचं नाव. डोक्यामागे शक वर्ष. शंभराला एक चिन्ह, ऐंशीला दुसरं, एकं निराळा. दुसऱ्या रुद्रसेनाच्या माझ्या एका नाण्यावर शंभर आणि ऐंशी आहेत, एकं चकतीबाहेर गेला आहे. अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन २५८ ते २६७ मधलं कुठलंतरी वर्ष. तो एकं असता तर नाणं मला परवडलं नसतं.

नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला, तेरा हजारांहून जास्त. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. शत्रूची नाणी त्याने वितळवली नाहीत. वरून घाव घातला, आणि कित्येक नाण्यांवर त्याच्या टेकडीखालून नहपानाचा डोळा अजून बघतो. नहपानाच्या पराभवाचा इतका बोलका पुरावा हाती आला, कारण ठेवा फुटला नाही. एकत्र मोजला गेला, एकत्र वाचला गेला. म्हणून ‘कालच शेतात निघाली’ असं सांगत कोणी मूठभर नाणी पुढे केली तर मी घेत नाही. दहा रुपयांवरचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असा १८७८चा कायदा आहे, आणि तो मला मनापासून पटतो. मुठीमुठीने विकलेला ठेवा म्हणजे पानं सुटी करून विकलेली पोथी. ती पुन्हा कोणी लावू शकत नाही.

सध्या मी रुद्रसेनाचं पूर्ण वाक्य जुळवतो आहे. ‘राज्ञो क्षत्रपस वीरदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसेनस’. एका नाण्यावरून ‘रुद्रसेनस’ मिळालं, दुसऱ्यावरून ‘महाक्षत्रपस’, तिसऱ्यावरून ‘पुत्रस’. कोणाचा पुत्र, ते पुस्तकातून ठाऊक होतं, पण माझ्याकडच्या नाण्यांवर बापाच्या नावातला फक्त ‘म’ होता. ओळखीचा एक म्हातारा विक्रेता इतरांनी नाकारलेली नाणी माझ्यासाठी कागदाच्या पुडीत राखून ठेवतो. गेल्या बुधवारी त्याने पुडी उघडली. त्यातल्या एकावर राजाचा चेहरा पार गेला होता, नाकाचा तेवढा उंचवटा उरला होता. मी ते पालथं करून उन्हात तिरपं धरलं. काठाशी ‘वी’ होता, त्याला लागून उभा ‘र’, आणि ‘दा’ निम्मा.

‘‘याचं तोंडच नाही, साहेब,’’ तो म्हणाला. ‘‘काय करणार घेऊन?’’

मी पाकीट काढलं.