उंचीचं बिल

लिफ्ट केलेली गाडी माझ्याकडे येते ती बहुधा आवाज घेऊनच. मालक आवाजाची नक्कल करून दाखवतात, आणि ती नक्कल मी मनापासून ऐकतो, कारण अर्धं निदान तिच्यातच असतं. गाडी हळू असताना खालून चिकचिक येते आणि वेग वाढला की हरवते, म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टच्या टोकाला जो क्रॉस नावाचा जोड असतो, त्याच्या कपातलं ग्रीस संपलं, आतल्या सुया कोरड्या फिरताहेत. रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना एकच ‘टक्’, म्हणजे क्रॉसमध्ये किंवा शाफ्टला लांब-आखूड होऊ देणाऱ्या स्लायडिंगच्या दात्यांत खेळ आलाय. साठ-सत्तरच्या वेगाला सीटखाली घरघर आणि ॲक्सिलरेटर सोडला की तिचा सूर बदलतो, म्हणजे कोन बिघडलाय. चौथ्या प्रकाराची नक्कल कोणी करत नाही. ती गाडी टो होऊन येते आणि शाफ्ट मागच्या सीटवर गोणपाटात गुंडाळलेला असतो.

आवाज कुठलाही असो, पुढचा प्रश्न ठरलेला. ‘‘मिस्त्री, वॉरंटीत बसेल ना?’’

मुळशी-ताम्हिणीच्या चिखलात गाड्या घालणारी ही मंडळी हौशी आहेत, आणि हौस मला आवडते. पण लिफ्ट म्हणजे नेमकं काय झालं, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना कोणी समजावून सांगितलेलं असतं. गाडी उंच करायचे दोन रस्ते. पहिला, चासी आणि बॉडी यांच्यामध्ये पक घालून नुसती बॉडी उचलायची. इंजिन, गिअरबॉक्स, ताकद पुढच्या-मागच्या शाफ्टला वाटणारी ट्रान्सफर केस, सगळं चासीवर जागच्या जागी राहतं, त्यामुळे शाफ्टला याचा पत्ताही लागत नाही. कटकट होते ती स्टिअरिंगच्या दांडीची, गिअर लिव्हरची, रेडिएटरच्या फॅनची. दुसरा रस्ता सस्पेन्शनचा: जास्त कमानीचे पाटे, लांब शॅकल, स्प्रिंगला स्पेसर. यात चासी वर जाते, तिला बोल्ट केलेली ट्रान्सफर केस वर जाते, आणि एक्सल मात्र चाकांबरोबर खालीच राहतो. या दोघांना जोडणारा शाफ्ट आधी थोडा तिरका होता, तो आता जास्त तिरका होतो.

किती, ते शाफ्टच्या लांबीवर ठरतं. 750 मिलिमीटरचा शाफ्ट असेल तर दोन इंच लिफ्टनं कोन पावणेचार अंशांच्या आसपास वाढतो, चार इंचांनी जवळजवळ साडेसात. तोच शाफ्ट 400 मिलिमीटरचा असेल तर दोनच इंचांत सात अंश. लांब पिकअपला चार इंच पचतात आणि आखूड जीपला दोनही जड जातात, ते यामुळे. शिवाय तिरका झालेला शाफ्ट लांबीलाही कमी पडतो. चार इंचांच्या लिफ्टला त्या 750 च्या शाफ्टचं स्लायडिंग वीसेक मिलिमीटर बाहेर ओढलं जातं. दात्यांची पकड तेवढी कमी झाली, आणि तीही गाडी सपाट जमिनीवर उभी असताना. एक चाक खड्ड्यात लोंबकळलं की हिशेब आणखी पुढे जातो.

क्रॉसला कोनाचं इतकं वावडं का? हा जोड चारशे-पाचशे वर्षांचा आहे. सोळाव्या शतकातल्या कार्डानोचं नाव त्याला आहे. रॉबर्ट हूकनं 1676 साली सूर्य बघायच्या एका उपकरणासाठी त्याचं वर्णन केलं, आणि मोटारीत तो रुजला तो क्लॅरेन्स स्पायसरमुळे, 1904 नंतर. त्याचा मूळ स्वभाव हूकच्या काळापासून तोच आहे. आत जाणारी गती एकसारखी असली तरी तिरक्या क्रॉसमधून बाहेर पडणारी एकसारखी राहत नाही. एका फेरीत ती दोनदा मंदावते, दोनदा धावते. दहा अंशांना हा फरक दीड टक्का असतो, वीस अंशांना सहा टक्के. कोन दुप्पट, फरक चौपट. दुसऱ्या टोकाच्या क्रॉसचा कोन पहिल्याएवढाच असेल आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे योक एका रेषेत असतील, तर दुसरा पहिल्याचं पाप धुतो आणि एक्सलच्या पिनियनला एकसारखी गती मिळते. तरीही मधली नळी दर फेरीला हिसके खातच असते. हायवेला ती मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्या मारते, आणि त्या वेगाला पाच-सहा अंशांपलीकडचा कोन फार दिवस निभत नाही. अंशाच्या आत-बाहेर जुळलेले, तीन अंशांच्या आसपासचे दोन कोन मिळाले तर मी खूश असतो.

गंमत म्हणजे शून्य कोनही वाईटच. मग सुया जागच्या हलत नाहीत, एकाच जागी मार खातात आणि तिथे घर करतात. क्रॉसला थोडं वाकावं लागतं, तेव्हाच तो जगतो.

गाडीगणिक दुखणं वेगळं. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटी असते, म्हणून तिला शाफ्ट तीन. मधल्या आखूड शाफ्टची दोन्ही टोकं चासीवर, त्याला लिफ्टचं काही घेणंदेणं नाही. तरी लिफ्टनंतर आवाज आला की मालक आधी त्याच्याकडे बोट दाखवतात, कारण तो बिचारा हाताला लागतो. 2010 ची थार वेगळी. तिला पुढे टॉर्शन बार आहेत. त्यांच्या बोल्टला पाना लावला की गाडीचं नाक फुकटात वर येतं, आणि फुकटात मिळणाऱ्या लिफ्टला गिऱ्हाईक कमी नसतं. तिथे क्रॉसऐवजी हाफ शाफ्टचे सीव्ही जॉइंट वाकतात. त्यांचा रबरी बूट एकाच घडीवर घासत राहतो, फाटतो, ग्रीस उडून जातं आणि त्या जागी चिखल बसतो. अमेरिकेत 2007 पासूनच्या जेके पिढीच्या रँगलरला हेच पुढच्या मुख्य शाफ्टवर होतं. त्याच्या ट्रान्सफर केसकडच्या टोकाला बूटवाला जॉइंट आहे. मूळ उंचीला तो वर्षानुवर्षं चालतो, अडीच-तीन इंच लिफ्ट केली की बूट आधी जातो आणि जॉइंट त्याच्या मागोमाग. तिकडचे लोक लिफ्टबरोबरच तो शाफ्ट बदलून क्रॉसवाला बसवतात. खर्च आधीच धरलेला असतो, म्हणून रडारड कमी.

आता वॉरंटीकडे येतो, पण वाट मेलेल्या क्रॉसवरूनच जाते.

क्रॉस काढल्यावर मी तो रॉकेलमध्ये धुतो, फडक्यानं पुसतो आणि उजेडात धरतो. चारही भुजांवर सुयांच्या रेघा उमटलेल्या असतील, नखाला लागतील इतक्या, तर त्याच्यावर झेपणार नाही एवढा जोर पडला. लो रेंजमध्ये दगडावर चाक अडकवून पाय दाबणाऱ्यांच्या गाडीत हे दिसतं. जुन्या थारचं इंजिन 247 न्यूटन मीटर देतं, पहिल्या गिअरनं आणि लोनं मिळून ते शाफ्टवर नऊ-दहापट होऊन येतं. भुजांची टोकं घासून खरवडलेली आणि कपाचा तळ ओरखडलेला असेल, तर संशय कोनावर जातो. पृष्ठभागाचे पापुद्रे निघालेले, आत तांबूस पूड, म्हणजे पाणी शिरलं किंवा ग्रीस गन कधी लागलीच नाही. एक भुजा खाडकन तुटलेली, तुटलेली जागा ताजी, खडबडीत, करडी, म्हणजे एकच मोठा झटका. हवेत फिरणारं चाक अचानक जमिनीला लागलं की असं होतं. हे चार प्रकार नेहमी सुटेसुटे येत नाहीत, एकात एक मिसळतात. पण तासभर बघितलं तर पहिलं कारण कुठलं आणि नंतर काय झालं, हे बहुतेक वेळा कळतं.

स्लायडिंगही बोलतं. शाफ्ट ज्या पट्ट्यात आत-बाहेर होतो तिथले दाते चकाकतात. काही चतुर मंडळी लिफ्ट काढून, जुने पाटे चढवून गाडी शोरूमला नेतात आणि मख्ख चेहऱ्यानं वॉरंटी मागतात. पाटे बदलता येतात, पण चकाकीचा पट्टा वीस मिलिमीटर बाहेर सरकलेला असतो, तो कसा लपवणार? यू-बोल्टच्या आट्यांवरही ताज्या पान्याच्या खुणा असतात. शोरूमच्या माणसाला हे वाचता येत नसेल, तर तो नशिबाचा भाग.

माझं मत विचाराल तर लिफ्टच्या गाडीत क्रॉस, बूट किंवा स्लायडिंग गेलं आणि खुणा कोनाच्या निघाल्या, तर कंपनीनं नाही म्हणणं रास्त आहे. तिनं जो कोन मोजून शाफ्ट बनवला, तो कोन तुम्ही बदललात. पण याच कंपन्यांच्या काउंटरवर उलटाही खाक्या चालतो. गाडी जरा उंच दिसली की एसीचा कॉम्प्रेसर असो वा पॉवर विंडोची मोटर, शिक्का एकच: ‘मॉडिफाईड’. यात न्याय नाही, नुसता आळस आहे. एका गाडीत योक आणि नळी जोडणारा वेल्डच उघडला होता. आत सुईच्या टोकाएवढी भोकं, वेल्ड मुळातच पोकळ. गाडीला लिफ्ट होती, पण दोन्ही क्रॉस धुतल्यावर निर्मळ निघाले. तिथे दोष कारखान्याचा होता. तसं मी कागदावर लिहून दिलं, फोटो जोडले, आणि बऱ्याच खेपा घातल्यावर मालकाला शाफ्ट मिळाला.

अमेरिकेत 1975 चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. बाहेरचा पार्ट लावला एवढ्यानंच सगळी वॉरंटी बुडत नाही, त्या पार्टमुळे नुकसान झालं हे कंपनीला दाखवावं लागतं. आपले पोरगे ते व्हिडिओ बघून इथल्या काउंटरवर भांडायला जातात. इथे तसा वेगळा कायदा नाही, वॉरंटीची पुस्तिका बोलते, आणि फेरफारामुळे झालेलं नुकसान तिच्यात सरळ वगळलेलं असतं. वर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. नोंदणीतला तपशील मूळ निर्मात्याच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा फेरफाराला, एकेका फेरफारामागे, पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही ठेवलं. म्हणून लिफ्ट करण्याआधी आरटीओत विचारा, असं मी सांगतो. ते ऐकून गिऱ्हाईक माझ्याकडे मी त्याच्या लग्नात मोडता घालतोय असं बघतं.

तरी दाद मागायची वाट बंद नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जिल्हा आयोगाला दोषाची वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवता येते. पण वस्तू हवी ना! लोक नवा क्रॉस बसला की जुना भंगारात टाकतात आणि मग महिन्याभरानं वकील शोधतात. तुटलेला क्रॉस, चारही कप, सांडलेल्या सुया, सगळं पिशवीत बांधून ठेवा, धुऊ नका, आणि काढायच्या आधी गाडीखाली फोटो घ्या.

मुळात भांडणाची वेळ येऊ नये म्हणून काय करायचं, त्याची उत्तरं जुनीच आहेत. ट्रान्सफर केस थोडी खाली घ्यायची, पण मग पोटाखालची उंची गेली, म्हणजे ज्यासाठी लिफ्ट केली त्यातलंच थोडं परत दिलं. पाट्याखाली वेज घालून पिनियनचं तोंड वर करायचं. मागच्या एक्सलला हे ठीक. पुढच्या एक्सलला पिनियन वर केला की कास्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागचा कल, कमी होतो आणि गाडी हायवेला सरळ धरत नाही. पिनियन सुखी की स्टिअरिंग सुखी, एकालाच निवडावं लागतं, आणि मी स्टिअरिंगच्या बाजूचा आहे. ट्रान्सफर केसकडे दोन क्रॉसांचा जोड असलेला लांब शाफ्ट करून घेणं सगळ्यात नीट. तेव्हा पिनियन थेट त्या जोडाकडे रोखावा लागतो, खालच्या क्रॉसला नावापुरताच कोन ठेवून. एक्सल फार लोंबू नये म्हणून पट्टे लावणं सगळ्यात स्वस्त.

माझ्या एस्टिमेटमध्ये लिफ्टच्या खाली शाफ्टची ओळ असतेच. बरेच जण ती खोडायला सांगतात, ‘‘ते नंतर बघू, दादा.’’ मी खोडत नाही. मग ते दुसरीकडून लिफ्ट करून घेतात, स्वस्तात, आणि शाफ्टसाठी माझ्याकडे येतात. तेव्हा काम करतो आणि सोबत एवढं सांगतो: नवा शाफ्ट बसल्यावर हजार किलोमीटरनं फ्लॅन्जचे बोल्ट पुन्हा आवळायचे. ग्रीस निप्पलला गन लावायची ती चारही कपांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. एक कप कोरडा राहिला तर क्रॉस तिथूनच जातो. आणि गाडी ओढ्यातून काढली असेल तर ग्रीस त्याच संध्याकाळी, पुढच्या रविवारी नाही.