पंखाखालचा मोजका संसार

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात विनेबेगो नावाचे विस्तीर्ण पण उथळ सरोवर आहे. त्याच्या पश्चिम काठावर ऑशकॉश हे मध्यम आकाराचे शहर वसले आहे. एरवी येथील विमानतळाकडे बाहेरच्या जगाचे फारसे लक्ष नसते. जुलैच्या उत्तरार्धातील एका आठवड्यात मात्र या विमानतळावर आणि आसपासच्या धावपट्ट्यांवर मिळून सुमारे १०,००० विमाने उतरतात. त्या आठवड्यापुरता येथील नियंत्रण मनोरा जगातील सर्वांत गजबजलेला मनोरा ठरतो.

हा मेळावा भरवणारी संस्था म्हणजे ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’. स्वतःच्या हातांनी विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींना एकत्र आणावे, या हेतूने पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकी येथे तिची स्थापना केली. त्याच वर्षी पहिला लहानसा मेळावा भरला आणि १९७० पासून तो ऑशकॉशला स्थिरावला. आज तेथे प्रचंड प्रदर्शन असते, बाजार असतो, हवाई कसरती असतात. तरीही मेळाव्याचा प्राण आहे तो धावपट्टीलगतच्या गवतावर आपापल्या विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकून राहणाऱ्या सामान्य वैमानिकांमध्ये.

त्यांचे आगमनही पाहण्यासारखे असते. नैऋत्येकडील रिपन गावापासून फिस्क या वस्तीपर्यंत लोहमार्ग जातो. लहान विमाने समुद्रसपाटीपासून १,८०० फुटांवर, ९० नॉट म्हणजे ताशी सुमारे १६७ किलोमीटर वेगाने, एकामागोमाग एक अशी त्या रुळांवरून येतात. फिस्कला जमिनीवर उभे असलेले नियंत्रक विमानाचा रंग आणि ठेवण पाहून त्याला सूचना देतात. वैमानिकाने शब्दाने उत्तर द्यायचे नसते, केवळ पंख हलवून होकार कळवायचा. धावपट्टीवर रंगीत ठिपके रंगवलेले असतात. सांगितलेल्या ठिपक्यावर उतरून विमान लगेच गवतात न्यावे लागते, कारण मागून दुसरे येतच असते.

पूर्वी महाराष्ट्रात जत्रेला आलेली कुटुंबे बैल सोडून गाडीच्याच सावलीत चूल मांडत. ऑशकॉशच्या गवतावरचे दृश्य त्याच जातीचे असते. उंच पंखाचे ‘सेस्ना १७२’ हे विमान या मुक्कामासाठी विशेष सोयीचे. त्याचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११ मीटर रुंद असून माणसाला खाली सहज वावरता येईल इतके उंच असतात. खुर्च्या मांडायला त्याच पंखाची सावली मिळते.

मात्र येथील सुखसोयींचा खरा विचार घरून निघण्यापूर्वीच, वजनकाट्यापाशी होतो. या विमानाच्या अलीकडच्या प्रकारात इंधन, माणसे आणि सामान मिळून साधारण ४०० किलो भार नेता येतो. टाक्या पूर्ण भरल्या की सुमारे २०० लिटर इंधनाचेच १४४ किलो होतात. उरले २५६. दोन प्रवाशांचे दीडशे किलो धरले, तर शंभराच्या आसपास उरतात. चार प्रौढ माणसे बसली तर मात्र भरल्या टाक्यांसह तंबूलाही जागा राहत नाही. मग इंधन कमी घेऊन वाटेत थांबावे लागते किंवा एका सोबत्याला मोटारीने पाठवावे लागते. येथे उधारी चालत नाही. रकान्याच्या तळाशी आलेली बेरीज मर्यादेबाहेर गेली, तर काहीतरी खाली उतरवल्याशिवाय विमानाने जमीन सोडू नये, हा नियम आहे.

केवळ वजन मर्यादेत असूनही भागत नाही. ते कोठे ठेवले, यालाही तितकेच महत्त्व असते. मागच्या कप्प्याची मर्यादा ५४ किलो आहे. तेथे जास्त भार कोंबला तर विमानाचा तोल मागे सरकतो, नाक वर उचलले जाते आणि वेग मंदावल्यास विमान सावरणे कठीण होते. शिवाय उन्हाळ्याच्या दुपारी हवा विरळ होते. सकाळी सहज उडालेले विमान तेवढ्याच भाराने दुपारी अधिक लांब धावून उडते.

म्हणून अनुभवी वैमानिक प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारतो: हिच्यावाचून अडेल काय? वर्षानुवर्षे येणाऱ्यांची यादी लहान होत जाते. दोघांसाठी तीन-चार किलोंचा तंबू. जमिनीचा गारवा आणि ओल अंगाला लागू नये म्हणून हवा भरण्याच्या पातळ गाद्या. घडीच्या दोन हलक्या खुर्च्या. एक लहान शेगडी, एक भांडे, डोक्याला बांधायचा दिवा. पाणी घरून नेत नाहीत, कारण वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो भार. रिकामी घडीची पिशवी नेऊन ती तेथे भरून घेतात. जाड गादी, मोठी शीतपेटी, जादा कपडे पहिल्या वर्षी येतात आणि दुसऱ्या वर्षी घरी राहतात.

सामान रचण्याचाही क्रम ठरलेला असतो. जे सर्वांत आधी लागणार, ते सर्वांत शेवटी भरायचे. आधी लागतात ते दोर आणि जमिनीत ठोकायचे मजबूत खुंट. तंबू, चहा, विश्रांती हे सगळे नंतर. दोन्ही पंखांखाली आणि शेपटीखाली असलेल्या कड्यांत दोर ओवून विमान तीन ठिकाणी बांधल्याशिवाय जाणता वैमानिक तेथून हलत नाही. पंख आणि शेपटीवरचे हलते भाग वाऱ्याने आपटू नयेत म्हणून आतले सुकाणू अडकवून ठेवतात. इंजिनाच्या तोंडाशी बुचे बसवतात, नाहीतर पक्षी आत घरटे बांधू लागतात. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय अडकू नये म्हणून दोरांना रंगीत फडकी बांधतात.

ही काळजी अनाठायी नाही. विस्कॉन्सिनच्या उन्हाळ्यात वादळे अचानक उठतात. विमान उभे असले, तरी पंख आपले काम सोडत नाहीत. समोरून पुरेसा वारा आला की ते विमानाला उचलू लागतात. ३१ मार्च २०११ रोजी फ्लोरिडातील लेकलँड येथे अशाच मेळाव्यावर चक्रीवादळ आले. तेथे उभी असलेली अनेक विमाने उलटली, मोडली. सैल बांधलेले विमान स्वतःपुरतेच नष्ट होत नाही. ते शेजाऱ्याच्या विमानावर, कदाचित शेजाऱ्याच्या तंबूवर जाऊन पडते. कोणाचे वाईट व्हावे अशी इच्छा नसते, केवळ एक गाठ उद्यावर टाकलेली असते. जैन विचारात हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात सांगितले आहे. त्याचा अर्थ या गवतावर विशेष स्पष्ट होतो. विजा चमकू लागल्या की शहाणी माणसे तंबूचा आणि विमानाचा मोह सोडून पक्क्या इमारतीत जातात.

विमान बांधले की तंबू उभा राहतो. येथेही काही बारकावे आहेत. या विमानाच्या इंधनटाक्या पंखातच असतात. भरलेल्या टाकीतील इंधन उन्हाने प्रसरण पावते आणि डाव्या पंखाखालच्या नळीतून थेंब गळू शकतात. म्हणून त्या जागेखाली तंबू ठोकत नाहीत आणि पंखाखाली शेगडी मुळीच पेटवत नाहीत. शेगडीची जागा विमानापासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून ठरवतात. काचांना आतून चकचकीत पडदे लावले की केबिन तापत नाही, आणि दिवसा तीच कोठीची खोली होते.

अन्नाच्या बाबतीत जैन कुटुंबाला या मुक्कामात नवे शिकण्यासारखे थोडेच आहे. खाकरा, भाजलेले पोहे, मुगाची डाळ, सुकी चटणी ही तीर्थयात्रेची शिदोरी वजनाला हलकी आणि आठवडाभर टिकणारी असते. पाणी उकळून घेण्यास लहान शेगडी पुरते. जुलैच्या अखेरीस तेथे सूर्य संध्याकाळी सव्वाआठनंतर मावळतो, त्यामुळे दिवसभर फिरूनही चौविहार सांभाळता येतो. सरोवराकाठी डास असतात. बारीक जाळीचा तंबू आणि अंधार पडताच आत मालवलेला दिवा, एवढ्यावर कोणाचाही जीव न घेता झोप मिळते. तंबूत न राहता केवळ मेळावा पाहायचा असेल, तर शिकागोजवळच्या बार्टलेट येथील जैन मंदिराचे दर्शन घेऊन मोटारीने सुमारे तीन तासांत ऑशकॉश गाठता येते.

खरी परीक्षा शेवटच्या दिवशी असते. येताना काटेकोर तोललेल्या या संसारात सात दिवसांत भर पडलेली असते. मेळाव्याच्या बाजारात अवजारे, जुने सुटे भाग, उपकरणे, पुस्तके मांडलेली असतात. भाव बरे असतात आणि उत्साह दांडगा. व्यापारी घरांना हा मोह समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु स्वस्त मिळाले म्हणून त्याचे वजन कमी होत नाही. जाणकार वैमानिक निघण्यापूर्वी पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन बसतो, प्रत्येक नवी वस्तू मांडतो, बेरीज करतो, दुपारचे ऊन टाळून सकाळची वेळ धरतो. बेरीज जमत नसेल तर जड वस्तू टपालाने पाठवतो किंवा शेजाऱ्याला देऊन टाकतो.

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रताला परिग्रह-परिमाण म्हणतात. त्यात वस्तूंचा तिरस्कार नाही. आपल्याला किती पुरे, हे आधी ठरवून त्या मर्यादेत राहणे आहे. ऑशकॉशच्या गवतावरील बहुतेकांनी हे व्रत ऐकलेले नसते. त्यांना ती मर्यादा विमान शिकवते, आणि तिच्यात राहूनच त्यांचे सात दिवस सुखाचे जातात. घरात, दुकानात, गोदामात अशी मर्यादा कोणी बाहेरून घालून देत नाही. तेथे काटा ज्याचा त्यालाच हाती धरावा लागतो.

सकाळी तंबू निघतो, खुंट उपटले जातात, फिकट पडलेल्या गवताचा एक चौकोन मागे राहतो. दोर सर्वांत शेवटी, हाताशी लागतील असे ठेवले जातात. मग विमान रांगेत लागते आणि आपली पाळी येताच सरोवराच्या दिशेने वर जाते.