राजनाल्याच्या काठाने

चौकहून कर्जतकडे निघाले की इर्शाळगडाचे सुळके दिसतात आणि त्यांच्यापलीकडे माथेरानच्या डोंगराचा पसारा. ही वाट मी नोकरीत किती वेळा तुडवली याची गणती नाही. आधी एस.टी.ने, मग मोटारसायकलीने. पण खालापूर आणि कर्जत हे दोन तालुके ओळखावेत ते पायांनीच. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीला धावलेल्यांना भर पावसात पायवाटेने डोंगर चढून जावे लागले. यंत्रे खालीच राहिली. अशा डोंगरउतारावरच्या ठाकर-कातकरी वाड्यांतली मुले रोज सकाळी उतरतात आणि संध्याकाळी चढतात. त्याला कोणी व्यायाम म्हणत नाही, शाळेला जाणे म्हणतात.

गेल्या एप्रिलमध्ये, राबभाजणीच्या दिवसांत, मी कडावच्या बाजूला गेलो होतो. राब न भाजता गादीवाफ्यावर भाताची रोपे कशी करावीत, हे शेतकऱ्यांना दाखवायचे होते. ऊन चढायच्या आत पोहोचावे म्हणून पहाटेच निघालो. कर्जत मागे पडले आणि राजनाल्याचा कालवा लागला. घाटावर ठोकरवाडी धरणात अडवलेले पाणी भिवपुरीला खाली येते, वीज करते आणि मग पेज नदीला व या कालव्याला मिळते. भिवपुरीचे हे वीजघर १९२२ सालचे. खोपोलीचे त्याहून जुने, १९१५ चे. तिथले पाणी पाताळगंगेला जाते. म्हणून आसपासचे वरकस माळ करपलेले असताना कालव्याकाठी मात्र उन्हाळी भात हिरवेगार उभे असते.

त्या हिरव्या पट्ट्याच्या कडेने एक मुलगी पळत होती. कोणी मागे लागल्यासारखी नव्हे, तर रोजचे काम असल्यासारखी, एका चालीने. मी मोटारसायकल हळू केली. ती पुढे निघून गेली.

तासाभराने ज्या घरी माझी बैठक होती, त्या घराच्या ओटीवर तीच मुलगी चहा घेऊन आली. दहावीची परीक्षा नुकतीच झालेली. आठवीपासून तीन वर्षे ती शाळेकडून लांब पल्ल्याच्या शर्यतीत पळत होती. मी विचारले तशी ती आधी लाजली, मग बोलू लागली.

"शाळा चार किलोमीटर, साहेब. एस.टी. चुकली की पळायचं, एवढंच ठाऊक होतं. पहिल्या शर्यतीत मी सगळ्यांच्या पुढे निघाले. दोन फेऱ्यांत कुशीत कळ आली. शेवटून दुसरी आले."

तिची शर्यत तीन हजार मीटरची. मोठ्या मैदानावर त्याच्या साडेसात फेऱ्या होतात. शाळेच्या मैदानावर चुन्याने आखलेली फेरी दोनशे मीटरची, म्हणजे पंधरा. मोजायला तिची मैत्रीण चिंचोके घेऊन बसायची. एक फेरी झाली की एक चिंचोका बाजूला.

"पहिल्या दोन फेऱ्या सोप्या असतात," ती म्हणाली, "शेवटची कशीही होते. मधल्या खऱ्या. तिथं कोणी टाळ्या वाजवत नाही. तिथं आपली चाल आपणच धरायची. मला हे समजायला दोन वर्षं लागली."

यंदा ती जिल्ह्याला चौथी आली. पुढे निवड झाली नाही.

"वाईट वाटलं?"

"वाटलं. घरी येईस्तोवर बोलले नाही कुणाशी. दुसऱ्या दिवशी पाण्याला निघाले, तर पाय आपोआप पळायला लागले. मग हसू आलं."

तिचे वडील इतका वेळ विडी न पेटवता हातात धरून बसले होते. ते म्हणाले, "साहेब, शाळा संपली, पळणं संपलं. आमच्या नात्यातल्या पोरी खोपोलीकडं पॅकिंगच्या कामाला जातात, हीपण जाईल. पळून का पोट भरतं?"

प्रश्न खोटा नव्हता. पोरीच्या हाताला काम मिळाले तर घराला आधार होतो, हे ओटीवर बसलेल्या सगळ्यांनाच कळत होते. आणि मला उत्तर देण्याचा अधिकार थोडाच होता. माझा पुतण्या असाच पळायचा. दहावीनंतर "आता पुरे, अभ्यासाला लाग," असे त्याला सांगणारा मीच. त्याने मुकाट्याने ऐकले. आज त्याचे बरे चालले आहे. पण त्याचे ते जुने बूट वहिनींनी अजून माळ्यावर जपून ठेवले आहेत, आणि ते दिसले की मी दुसरीकडे बघतो.

मी त्यांना विचारले, "दादा, खालच्या खोलगट खाचरात काय लावता?"

"गरवं भात."

"आणि वरच्या बांधाला?"

"हळवं."

"हळवं तयार झालं की त्याच दिवशी गरवंही कापता का?"

ते हसले. हळवे भात ११० ते १२० दिवसांत हाती येते, गरव्याला १३५ ते १५० दिवस लागतात, हे कर्जतच्या शेतकऱ्याला मी काय सांगावे? भात संशोधन केंद्र त्यांच्या दाराशी आहे. मी एवढेच म्हणालो, की लांब पल्ल्याचे पळणे गरव्या भातासारखे असते. दहावीला त्याचा दाणा भरत नाही.

मग मी अविनाश साबळेची हकिकत सांगितली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला मांडवा गावचा हा मुलगा. घरची गरिबी, आईवडील वीटभट्टीवर राबणारे, शाळा सहा किलोमीटर लांब. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला. खेळाडू म्हणून पळू लागला तो २०१५ साली, विशी ओलांडल्यावर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने रौप्यपदक मिळवले. १९९८ पासून त्या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाकडेच जात होती. सोने हुकले ते एका सेकंदाच्या विसाव्या भागाने. ते त्याने २०२३ च्या आशियाई स्पर्धेत आणले.

मुलींचेही सांगितले. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळच्या सावरपाड्याची आदिवासी कन्या कविता राऊत हिने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेतले. माण तालुक्यातल्या मोही गावची शेतकऱ्याची लेक ललिता बाबर २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पळून दहावी आली आणि पुढे शासनाच्या महसूल सेवेत अधिकारी झाली.

"तुमच्या मुलीला पदक मिळेलच असे मी म्हणत नाही," मी म्हणालो. "पण अकरावीला नाव घातले तर शालेय स्पर्धांत एकोणीस वर्षांखालचा गट तिला उघडा राहतो. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना आठशे मीटर पळावे लागते, मुलांना सोळाशे. जोडीला शंभर मीटर आणि गोळाफेक. वरच्या स्पर्धांत यश मिळाले तर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. म्हणून शर्यतींची प्रमाणपत्रे पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याशेजारी ठेवा. आणि तिच्या ताटात नाचणीची भाकरी व वालाची उसळ भावाइतकीच वाढा. नुसत्या चहावर कोणी पळत नाही."

वडील काही बोलले नाहीत. "लावणी होऊ दे, बघू," एवढेच म्हणाले. मी गादीवाफा आखून दाखवला आणि निघालो.

भाद्रपदात पुन्हा त्या बाजूला जाणे झाले. वरच्या खाचरांतले हळवे पिवळे पडू लागले होते, खालचे गरवे अजून काळेभोर हिरवे होते. ओटीवर वडील भेटले. रोपे गादीवाफ्यावर केल्याचे त्यांनी आधी सांगितले. मुलगी कुठे आहे, हे मी विचारायच्या आत म्हणाले, "कॉलेजला गेली. पाच वाजता उठून पळते. कालव्यावर चिखल झालाय, म्हणून डांबरी रस्त्यानं."

"आणि फेऱ्या कोण मोजतं? मैत्रीण?"

"ती गेली कामाला, खोपोलीकडं." त्यांनी क्षणभर पेजेच्या दिशेने पाहिले. मग खांद्यावरचा टॉवेल झटकून म्हणाले, "आता मीच बसतो मोरीवर. चिंचोके घेऊन."