धुके चाटून जगणारी पाल

सकाळचे आठ वाजले होते आणि ऐन वाळवंटात मी स्वेटर घालून कुडकुडत उभी होते. दहा पावलांपलीकडचे काही दिसत नव्हते, इतके दाट धुके.

नामिबियाच्या किनाऱ्यावरचे स्वाकोपमुंड हे मोठे गमतीचे गाव आहे. एका अंगाला अटलांटिक महासागर, दुसऱ्या अंगाला वाळूच्या टेकड्या आणि मधे जर्मन धाटणीची घरे. १९१५ पर्यंत इथे जर्मनांचे राज्य होते, त्याची ही खूण. पाऊस वर्षाकाठी २० मिलिमीटरही नाही. आपल्याकडे आषाढातली एक सर याहून जास्त पाणी देऊन जाते. पण किनाऱ्यालगत बेंग्वेला हा थंडगार सागरी प्रवाह वाहतो. त्याच्यावरची दमट हवा गारठते आणि तिचे धुके होऊन नामिबच्या वाळूवर सरकत येते. इथल्या जिवांचा पाऊस तो हाच.

आमचा वाटाड्या गाडी थांबवून वाळू न्याहाळत चालू लागला. एका उतारावर तो गुडघ्यांवर बसला. मला तिथे काहीच दिसेना. त्याने हलक्या हाताने वाळू उकरली आणि तळहात पुढे केला.

पालीची मला लहानपणापासून किळस. दिवाणखान्यात पाल दिसली की मी घर डोक्यावर घेते! पण हिला पाहून ओरडायचे राहूनच गेले. बोटाएवढी लांब, गुलाबीसर अंग आणि कातडी इतकी पातळ की आतले अवयव अंधूक दिसावेत. डोळे मात्र चेहऱ्याच्या मानाने केवढे मोठे! आणि पायांच्या बोटांमध्ये चक्क बदकासारखे पडदे.

पाण्याचा पत्ता नसताना पडदे कशाला? तर वाळूत फावड्यासारखे वापरायला. शिवाय पाय पसरट असल्याने भुसभुशीत वाळूत ती रुतत नाही. पडद्यांच्या आत बारीक कूर्चा आणि स्नायू असतात, त्यामुळे तो पाय नुसता रुंद नाही, कुशलही आहे. याच पायांनी ती बीळ खोदते आणि दिवसभर आतल्या गारव्यात राहते. उन्हाळ्यात वरची वाळू ६० अंशांपर्यंत तापते, तेव्हा ही नाजूक कातडी उन्हात क्षणभरही टिकणार नाही. रात्री बाहेर पडून ती किडे, कोळी पकडते.

आणि पाणी? धुक्याचे थेंब तिच्या अंगावर, डोळ्यांवर जमतात. तिला पापण्या नाहीत. डोळ्यांवर पारदर्शक आवरण असते. जिभेने ती ते पुसून घेते. डोळे साफ होतात आणि तहानही भागते. आमच्यासमोर तिने जीभ काढून डोळा चाटला, तेव्हा आमच्यातल्या एका आजींनी ‘अगो बाई!’ म्हणून हात जोडले.

२०२१ मध्ये जर्मन संशोधकांनी या पालीची आणखी एक गंमत जगापुढे आणली. अतिनील प्रकाशात तिच्या डोळ्यांभोवतीचे आणि कुशीवरचे पट्टे हिरवे चमकतात. वरून झडप घालणाऱ्या घुबडाला ते सहसा दिसू नयेत आणि वाळूवरून चालणाऱ्या दुसऱ्या पालीला दिसावेत, अशीच त्यांची जागा आहे. या विस्तीर्ण वाळवंटात एकट्याने राहणाऱ्या पालींना चांदण्यात एकमेकींचा माग लागावा म्हणून ही सोय असावी, असा संशोधकांचा तर्क आहे.

धुके विरळ झाले तसे समोरच्या खडकाळ मैदानावर चाकांचे असंख्य ओरखडे दिसू लागले. हौसेखातर कुणीतरी गाड्या दामटल्या होत्या. वाळूच्या टेकडीवरचा माग वारा पुसून टाकतो, पण या कठीण मैदानावरचा ओरखडा कित्येक दशके राहतो, असे वाटाड्या म्हणाला. टेकडीवर माग उरत नाही म्हणून चाकाखाली काय गेले तेही कळत नाही. बीळ वीतभर वाळूखाली, आणि पाल ही एवढीशी. २०१० साली हा किनारा दोरोब राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला आणि गाड्यांना ठरावीक वाटा आखून दिल्या गेल्या. त्या वाटा पाळल्या जातात का, असे मी विचारले. त्याने उत्तर दिले नाही, मैदानाकडे बोट केले.

ऊन वर येत होते. त्याने पालीला बिळाच्या तोंडाशी सोडले. पुढच्या पायांनी वाळू उकरत, मागच्यांनी ती ढकलत ती बघता बघता दिसेनाशी झाली. आम्ही गाडीत बसलो. आलो होतो त्याच चाकोरीवर चाके ठेवून वाटाड्याने गाडी मागे वळवली.