परत गेलेली गिऱ्हाइके

बेसा हे नागपूरच्या दक्षिणेचे गाव. आता ते शहरात मिसळून गेले आहे. पण २००९ साली मी तिथून रोज बर्डीवरच्या एका मोठ्या दुकानात उमेदवारीला जात असे, तेव्हा आई 'नागपूरला चाललीस का?' असेच विचारी. तयार कपड्यांचा माल किती मागवावा, कसा मांडावा, भाव केव्हा उतरवावा, हे मला शिकायचे होते.

पहिला आठवडा हँगर सारखे करण्यात गेला. सगळे आकडे एका दिशेला, प्रश्नचिन्हासारखे. दोन हँगरांत दोन बोटांचे अंतर. लहान माप पुढे, मोठे मागे. एवढी प्रश्नचिन्हे टांगलेली, पण विचारीत मात्र कोणी काहीच नसे!

माल ठरलेल्या संचांत येई. लहान एक, मध्यम दोन, मोठे दोन, त्याहून मोठे एक. हे प्रमाण दूरच्या कचेरीत ठरे. सर्वांत मोठे माप तिसऱ्या दिवशी संपे आणि लहान कुर्ते सेल लागेपर्यंत लोंबत राहत. काय विकले ते संगणक बिनचूक सांगे. रिकाम्या हाताने परत गेलेल्या बाईची नोंद त्याच्यापाशी नव्हती. म्हणून मी दाराशी उभी राहून कारण विचारू लागले व वहीत लिहू लागले. 'रंग आवडला नाही.' 'भाव फार.' 'पुन्हा येऊ.' वही साहेबांना दाखवली, तर ते म्हणाले, 'यात मापाची तक्रार कुठे आहे?' खरेच, ती नव्हती.

एका रविवारी आई आली. तिचे वडील एम्प्रेस मिलमध्ये मागावर होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती गिरणी केव्हाच बंद पडली, तिच्या जागेवर आता मॉल आहे. पण आईच्या बोटांत ती शिल्लक होती. कापड चिमटीत धरले की तिला सूत कळे, आणि तिच्या निकालावर आमच्या घरी अपील नसे. एक निळा कुर्ता घेऊन ती घालून पाहायला आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि तो माझ्या हातात देऊन म्हणाली, 'राहू दे बाप्पा. कपडा बरा नाही.'

ती गेल्यावर मी कुर्ता चिमटीत धरून पाहिला. दाट विणीचे, उत्तम सुती कापड होते. गळ्यामागची चिठ्ठी पाहिली. त्या रंगातले सर्वांत मोठे माप शुक्रवारीच संपले होते.

मी वहीची मागची पाने पुन्हा वाचली. मग विचारणे सोडून दिले. कोण कुठले माप घेऊन आत जाते आणि काय बाहेर ठेवून जाते, एवढेच लिहू लागले. या वेळी साहेबांनी वही शेवटपर्यंत वाचली, आणि कचेरीला पाठवायला ठेवून घेतली.

पहिल्या पगारातून मी इतवारीतून तसेच निळे कापड आणले. आईने चिमटीत धरले. 'हा कपडा बरा आहे,' ती म्हणाली. शिंप्याकडे माप द्यायला चल म्हटले, तर 'जुना कुर्ता देऊ की मापाला' म्हणत तिने पेटीतून एक काढला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून सैल केलेल्या होत्या.