हाती पडणारे वेतन

सरकारी नोकरीत काही स्वाक्षऱ्या अशा असतात की त्या करताना मनात कोणताही विचार येत नाही. किरकोळ रजेचा अर्ज, सणाचा अग्रिम, भविष्य निर्वाह निधीची वर्गणी वाढवण्याची विनंती. कागद पुढे येतो, आपण सही करतो आणि पुढच्या फाइलीकडे वळतो. अशाच एका सहीविषयी लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

२०११ साली मी जबलपूरला एका लहानशा केंद्रीय कार्यालयाचा प्रमुख होतो. आहरण व संवितरण अधिकाऱ्याचे कामही माझ्याकडेच होते. आमच्याकडील एका लिपिकाने निधीची मासिक वर्गणी तीन हजारांवरून चौदा हजार करण्याचा अर्ज दिला. ही वर्गणी वर्षातून दोनदा वाढवता येते. कारण सांगावे लागत नाही. माणूस काटकसरी दिसतो, असे मनाशी म्हणून मी सही केली. पुढे दोन महिन्यांनी त्याने कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेचे कर्जही काढले. त्याचा हप्ता वेतनातूनच जाणार होता. त्याही कागदावर माझी सही आहे.

काही महिन्यांनी एक बाई भेटायला आल्या. दारावरची पाटी वाचून त्या सरळ मराठीत बोलू लागल्या. जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या. बोलण्यात हिंदीचा सहज शिरकाव. त्या आमच्या लिपिकाच्या विभक्त राहणाऱ्या पत्नी होत्या. मुलगी आठ वर्षांची, आईजवळ. पोटगीचा अर्ज कुटुंब न्यायालयात चालू होता.

“साहेब, त्यांच्या पगाराचा खरा दाखला पाहिजे होता. कोर्टात त्यांनी जी चिठ्ठी लावली आहे, तिच्यात हाती दहा हजारच दिसतात.”

मी नियमाप्रमाणे उत्तर दिले की, कर्मचाऱ्याची माहिती अशी परस्पर देता येत नाही. न्यायालयामार्फत मागवा, अवश्य पाठवू. बाई वाद न घालता उठल्या. जाताना त्यांनी पतीच्या लेखी जबाबाची प्रत टेबलावर ठेवली. त्यात लिहिले होते की, मुलीची शाळा ऐपतीबाहेरची आहे आणि तिचे शुल्क ही आईची हौस आहे.

त्या दिवशी संध्याकाळी मी त्या लिपिकाची फाइल मागवली. वर्गणीवाढीचा अर्ज न्यायालयाची नोटीस मिळाल्यानंतर तीन आठवड्यांनी आलेला होता. त्याच फाइलीत बालशिक्षण भत्त्याची मागणीही होती, त्याच शाळेच्या शुल्काच्या पावत्यांसह. पैसे भरणाऱ्याच्या रकान्यात आईचे नाव होते. परतफेड मिळाली की पैसे पाठवतो, असे सांगून त्याने त्या पावत्या मागवून घेतल्या होत्या, हे मला पुढे कळले. रक्कम त्याच्या खात्यात जमा झाली आणि तेथेच राहिली. ज्या शुल्काला तो न्यायालयात हौस म्हणत होता, तेच शुल्क सरकारकडून वसूल करताना त्याला वाजवी वाटले होते. दोन्ही कागद मंजूर करणारा अधिकारी मीच होतो.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात आम्हाला शिकवले गेले की, उत्पन्न म्हणजे उपभोग अधिक बचत. बचत केल्याने उत्पन्न घटत नाही, ते फक्त दुसऱ्या खिशात जाते. निधीत टाकलेले चौदा हजार त्या माणसाचेच होते, व्याजासह त्यालाच परत मिळणार होते. परंतु वेतनचिठ्ठीच्या तळाशी जो आकडा छापला जातो, तो ‘निव्वळ’ म्हणवतो आणि त्या शब्दाला न्यायालयात वजन येते. प्राप्तिकरासारखी सक्तीची कपात आणि स्वतःहून ओढवून घेतलेली कपात यांत फरक केला पाहिजे, असे अनेक उच्च न्यायालयांनी सांगितले आहे. पण फरक करायचा, तर कपात कधीपासून सुरू झाली आणि कोणाच्या इच्छेने, हे कोणीतरी न्यायाधीशांसमोर मांडावे लागते. बाईंना ते ठाऊक नव्हते आणि आम्हाला कोणी विचारले नव्हते.

आपल्याकडील पोटगीच्या बहुतेक वादांचे मूळ येथे आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ मध्ये दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. ती २००१ साली उठली. त्यामुळे अन्याय दूर झाला, पण किती द्यायचे हा प्रश्न मोकळा झाला. १ जुलै २०२४ पासून त्या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे, तरी रकमेचे सूत्र त्यातही नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचे कलम २० अपत्याची जबाबदारी पिता व माता या दोघांवरही टाकते. वाटणी कशी करायची, ते न्यायाधीशांवर सोडते.

सूत्र केले म्हणजे भांडण संपते, असेही नव्हे. ब्रिटनने १९९१ चा कायदा करून १९९३ पासून मुलांच्या निर्वाहाची आकारणी स्वतंत्र यंत्रणेकडे दिली. ती यंत्रणा इतकी वादग्रस्त ठरली की अखेर गुंडाळावी लागली. २०१२ पासूनच्या योजनेत वेगळा राहणाऱ्या पालकाचे उत्पन्न करखात्याच्या नोंदींवरून घेतले जाते आणि त्यावर मूळ दराने एका मुलासाठी १२ टक्के, दोघांसाठी १६ टक्के, तिघे वा अधिक असल्यास १९ टक्के अशी आकारणी होते. मूल वर्षातून ५२ रात्री त्या पालकाकडे राहिले की रक्कम कमी होते. मग तंटा रात्री मोजण्यावर येतो. तरीही एक गोष्ट तेथे साधली आहे. उत्पन्न किती, हे मुलाला सांभाळणाऱ्या पालकाने सिद्ध करायचे नसते. ते सरकारला आधीच ठाऊक असते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता व कर्जे यांचे विस्तृत प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी असे ठरवले. मुलांच्या शिक्षणाचा खर्च सामान्यतः पित्याने करावा, आईची कमाई पुरेशी असल्यास तो प्रमाणात वाटून घ्यावा, हेही त्यात आहे. आमच्या बाई त्याच्या नऊ वर्षे आधी न्यायालयात उभ्या होत्या.

न्यायालयाचे पत्र आले तेव्हा त्यात फक्त ‘वेतनाचा दाखला’ मागितला होता. शेवटच्या महिन्याची चिठ्ठी पाठवली असती, तरी नियमभंग झाला नसता. मी चोवीस महिन्यांचा तक्ता करवून घेतला. सक्तीची कपात एका रकान्यात, ऐच्छिक कपात दुसऱ्या रकान्यात, ती सुरू झाल्याची तारीख तिसऱ्यात आणि बालशिक्षण भत्त्याची रक्कम शेवटी. शेरा काहीही लिहिला नाही.

लिपिक माझ्यासमोर येऊन उभा राहिला. “साहेब, माझ्या घरातले भांडण तुम्ही सरकारी कागदावर आणले.” मी म्हटले की ते त्यानेच आणले होते, वर्गणीच्या अर्जावर. मग तो बसला आणि बराच वेळ बोलला. दीड वर्षात मुलगी त्याला चार वेळा भेटली होती. वाढदिवसाला पाठवलेला फ्रॉक परत आला होता. “भेटू देत नाहीत, तर पैसे कशाचे देऊ?” त्याचे दुःख खोटे नव्हते, आणि मुलीला पित्यापासून तोडणे हाही तिच्यावरचा अन्यायच आहे. मी त्याला एवढेच सांगितले की, भेटीसाठी त्याच न्यायालयात अर्ज करता येतो आणि तो त्याने करावा. मुलीच्या जेवणाचे पैसे म्हणजे भेटीचे तिकीट नव्हे. त्याने तो अर्ज केला, आणि महिन्यातून दोन रविवार त्याला मिळालेही.

रक्कम वाढली आणि काही काळाने वेतनातून थेट कपात करण्याचा आदेश आला. या बाबतीत आपला कायदा अतिशय स्पष्ट आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे सावकाराच्या हुकूमनाम्यात वेतनाचे पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीपासून सुरक्षित असतात. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र केवळ एक तृतीयांश. सावकारापेक्षा मुलाचा हक्क मोठा, हे संहितेने आकड्यांत लिहून ठेवले आहे. आणि जप्तीचा आदेश डावलून वेतन दिले गेले, तर त्या रकमेची जबाबदारी सरकारवर येते.

दोन वर्षांनी त्याची बदली झाली. बदली होताना अंतिम वेतन प्रमाणपत्र नव्या कार्यालयाकडे जाते, आणि त्यात वसुलीची नोंद राहून गेली, तर कपात महिनोन्‌महिने बंद पडते. यात दुष्ट हेतू कोणाचाच नसतो. आईने पुन्हा न्यायालयात जायचे असते आणि थकबाकीच्या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाची मुदत असते. पतसंस्थेच्या हप्त्याची नोंद आमच्या लेखालिपिकाने न सांगता केली होती, कारण पतसंस्थेचा माणूस येऊन आठवण देऊन गेला होता. मुलीची नोंद करायची राहिली होती.

ती मी स्वतःच्या हाताने लिहिली. रक्कम, आदेशाचा क्रमांक व तारीख, न्यायालयाचे नाव. त्यानंतर माझ्याही बदल्या झाल्या. अशी प्रमाणपत्रे आजही समोर येतात. वसुलीचा रकाना रिकामा दिसला की मी एकदा विचारतो, “आणखी काही आहे का?” बहुतेक वेळा काही नसते. आजवर दोनदा होते.